पत्र्यावर नांगरलेल्या होड्या

काळेथर बंदरात खरं बोलायला बंदी होती असं नाही. पण ज्याला मासे मारून पोट भरायचं असतं, तो असली उधळपट्टी करत नाही. तारलीचा थवा उत्तरेला दिसला की होडीचा तांडेल वायरलेसवर सांगणार, "दक्षिणेक जरा बरा दिसता." ऐकणारा हसून मनात म्हणणार, म्हणजे दक्षिणेला नक्की नाही. पण समुद्राला दिशा पुष्कळ, त्यामुळे खोटं उलटं करून पाहिलं तरी खरं हाती लागत नसे.

या विद्येत विश्राम गिरकर, म्हणजेच विसू तांडेल, सगळ्यांचा गुरू. एकदा त्याने अख्खा ताफा अशा जागी धाडला होता की तिथे भरतीच्या वेळीसुद्धा म्हशी उभ्याने डुंबतात. दुसऱ्या खेपेला बाबल मोंडकराला त्याने सुरमईचा पत्ता दिला, तेव्हा बाबलच्या जाळ्यात सुरमईऐवजी नुसते जेलीफिश भरले. बाबलने ते सगळे जेलीफिश टोपल्या भरभरून आणले आणि विसूच्या उंबऱ्यावर ओतले. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. दोघांच्या होड्या धक्क्यावर शेजारी लागायच्या, पण तोंडं अशी फिरवून की एकाची नाळ पूर्वेला बघते आणि दुसऱ्याची पश्चिमेला.

अशा या विसूच्या पोटी हेमांगी जन्मली. ती संदेशवहनाची इंजिनीअर झाली, चार मोठ्या बंदरांवर नोकऱ्या केल्या आणि परत काळेथरला आली ती मच्छीमार संस्थेच्या कामावर. काम एकच होतं: ताफ्यासाठी राउटर निवडायचा. ऐकायला सोपं वाटतं. लग्नाला मुलगी निवडायचीय असं म्हणणंही ऐकायला सोपंच वाटतं.

गोष्ट अशी होती. समुद्राच्या पाण्याची सतत वाफ होत असते. त्यामुळे पाण्याला अगदी लागून जो हवेचा थर असतो तो ओलाचिंब, आणि चार माणसांच्या उंचीवर गेलात की हवा एकदम कोरडी. रेडिओची लहर या ओल्या थरात शिरली की वर सुटून जात नाही. ती खाली वाकते, पाण्यावर आपटते, पुन्हा वाकते आणि अशी उड्या मारत मारत क्षितिजाच्याही पलीकडे जाते. जहाजांच्या रडारवाल्यांना हा थर पूर्वीपासून माहीत होता, पण ते त्याला कटकट समजायचे. मग कुणीतरी थराची जाडी क्षणाक्षणाला मोजून त्याप्रमाणे सूर बदलणारा अँटेना बनवला, तो स्वस्त झाला, आणि साध्या होडीवरून धक्क्यावर फुकटात बोलता येऊ लागलं. वाफेची वाट, असं त्याचं नाव पडलं.

पण ही वाट लहरी. वारा सुटला की थर फाटतो. म्हणून प्रत्येक होडीला आणखी तोंडं हवीत: आभाळातल्या उपग्रहाकडे एक, किनाऱ्यावरच्या टॉवरकडे एक, शेजारच्या होडीकडे एक, आणि एक पाण्याखाली, तरंगत्या बोयांशी आवाजाने बोलणारं. ताफ्यात साठ-पासष्ट होड्या, त्यात बर्फाचा कारखाना, लिलावाची शेड, हवामानाचे बोये. एवढ्या तोंडांच्या या गोतावळ्यात कुठला निरोप कुठल्या तोंडातून आत घ्यायचा आणि कुठल्या तोंडातून बाहेर सोडायचा, हे ठरवणारा तो राउटर. निरोपही काही 'जेवलास का' असे नव्हते. ज्याचा निरोप लिलावात आधी पोचेल, त्याच्या माशाची बोली आधी लागायची.

संस्थेच्या सभेला पुण्याहून निनाद टिपणीस आले होते. शर्ट पांढरा, बोलणं गोड, आणि सोबत कपाटाएवढं यंत्र. नाव 'सार्वभौम'.

"एकच यंत्र, पण शंभर तोंडांचं," टिपणीस म्हणाले. "ते इथे धक्क्यावर थंड खोलीत राहील. प्रत्येक होडीवर फक्त एक छोटी चकती. चकती सांगणार होडी कुठे आहे, आणि सार्वभौम क्षणात ठरवणार निरोप कोणत्या वाटेने पाठवायचा. तुम्ही फक्त मासे पकडायचे."

'चकती सांगणार होडी कुठे आहे' हे शब्द ऐकले आणि सभागृहात अशी शांतता पसरली, जशी मांजर घरात आल्यावर उंदरांच्या बारशात पसरते. टिपणिसांना वाटलं, लोक भारावले.

हेमांगीने मग तिचा पर्याय टेबलावर ठेवला. जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी, पाच तोंडांची.

"ही प्रत्येक होडीवर एक. धक्क्यावरही तशीच एक. मोठा साहेब कुणीच नाही. पेटी फक्त हाक मारते आणि कुणाकुणाला ऐकू आलं एवढंच विचारते. ज्याला ऐकू गेलं तो निरोप पुढे देणार, पुढचा त्याच्या पुढे. निरोप सीलबंद, वाहणाऱ्याला आत काय आहे ते दिसत नाही."

"आणि मी दुसऱ्याचो निरोप कित्या व्हावू?" मागून कुणीतरी ओरडलं. "माका काय त्याचा?"

"रापण ओढताना दोरीला हात कित्या लावतास?" हेमांगीने विचारलं.

आता रापण म्हणजे काय ते काळेथरात कुणाला सांगावं लागत नाही. किनाऱ्यावरून मोठं जाळं समुद्रात सोडायचं आणि सगळ्या गावाने मिळून ओढायचं. दोरीला ज्याचा हात लागला, त्याचा वाटा. म्हातारी असो, पाहुणा असो, वैरी असो.

"तसाच या पेटीत," हेमांगी म्हणाली. "दुसऱ्याचे जितके निरोप व्हावशात, तितको तुमचो निरोप रांगेत पुढे. म्हणान हिचा नाव वाटेकरी."

चेअरमननी दोन्ही ऐकून घेतलं, पान जुळवलं आणि सांगितलं, "दोन्ही होडयेर लावा. हंगामभर बघूया. ज्याचे निरोप पोचतीत तो आमचो." ज्या सभेत निर्णय होत नाही ती सभा काळेथरात यशस्वी समजली जाते.

हेमांगीची खरी परीक्षा घरी होती.

"माझ्या होडयेर तुझो डबो नको," विसू तांडेल म्हणाला. "त्या बाबल्याचे निरोप माझ्या डोलकाठयेवरून जातले? त्यापेक्षा मी पवत पवत बाजारात जातंय नि ओरडान भाव सांगतंय."

हेमांगीला ठाऊक होतं, बाप सर्वात लांब जातो. त्याच्याशिवाय साखळी समुद्राच्या त्या टोकाला पोचणार नाही, आणि बाबलशिवाय बापाची कडी किनाऱ्याला जुळणार नाही. दोघांच्याही होड्यांवर पेटी बसली नाही, तर वाटेकरी हरला आणि काळेथरची सगळी बोलणी त्या थंड कपाटाच्या हाती गेली. शास्त्राने इथवर आणलं होतं. पुढचं काम रक्ताने केलं.

"बाबा," ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "बाबलकाकान पेटी नाकारल्यान."

विसूचा हात विडीवर थांबला. "खरा?"

"खरा. म्हणता, माका नको. म्हणजे त्याचो निरोप रांगेत सगळ्यात मागे. आणि तुम्ही घेतलास तर..."

"आण तो डबो," विसू म्हणाला.

तिथून हेमांगी थेट मोंडकरांच्या पडवीत. बाबल जाळं विणत बसला होता. त्याने वर न बघताच विचारलं, "काय गो बाय, बापाशीन धाडल्यान?"

"नाय ओ काका. ते तर पेटी नको म्हणतत. हट्टी माणूस."

"नको म्हणता?" बाबलची सुई थांबली. "मग ताची बोली मागे पडतली."

"पडतली म्हणजे काय, घरात आम्ही काय खावचा ता कळना नाय."

बाबलने जाळं बाजूला ठेवलं. "दोन घाल माझ्या होडयेर," तो म्हणाला.

एकच पुरेल म्हणून त्याची समजूत घालता घालता हेमांगीच्या नाकी नऊ आले. घरी परतताना तिला जराशी लाज वाटली, आणि बरंच समाधानही.

हंगाम सुरू झाला. धक्क्यावरच्या थंड खोलीत टिपणिसांनी सार्वभौमचा मोठा पडदा चालू केला. सगळे तांडेल समुद्रात गेल्यावर होड्यांचे ठिपके उमटायला लागले आणि टिपणिसांचा चेहरा उतरायला लागला.

"हेमांगीताई, जरा येता का? सगळ्या होड्या एकाच जागी दिसतायत."

"कुठे?"

"बाजारपेठेत. 'गुलाब मोबाईल दुरुस्ती' असं लिहिलेल्या दुकानाच्या... पत्र्यावर."

झालं होतं ते काळेथरच्या रीतीला धरूनच. चकती जागा सांगते हे कळताच प्रत्येक तांडेल आपापल्या परीने, कुणालाही न सांगता, गुलाबच्या दुकानात गेला होता. 'ह्या चकतीक खोटा बोलाक शिकव,' एवढीच प्रत्येकाची मागणी. गुलाब हुशार, पण आळशी. त्याने एकच खोटी जागा शोधून ठेवली होती, स्वतःच्या डोक्यावरची, आणि तीच सगळ्यांना चिकटवली. साऱ्या ताफ्यात प्रत्येक जण समजत होता की एवढी अक्कल आपल्या एकट्याला सुचली.

सार्वभौम बिचारा आज्ञाधारक. त्याने वाफेच्या वाटेचे सगळे अँटेने समुद्राकडून फिरवून बाजारपेठेकडे वळवले. लिलावाचे भाव, बर्फाच्या बोली, हवामानाचे इशारे, सगळं गुलाबच्या पत्र्यावर पोचवलं. दुपारपर्यंत गुलाबच्या दुकानातले दुरुस्तीला आलेले रेडिओ आपोआप मासळीचे भाव बोलायला लागले, असं गुलाब अजून शपथेवर सांगतो.

"पण ते खोटं का बोलतात?" टिपणिसांनी कळवळून विचारलं. "यंत्र त्यांच्या भल्यासाठीच आहे ना?"

"तुम्ही कधी मासे पकडलेत?"

"नाही."

"तुम्हाला आवडलेलं स्थळ चार मित्रांना पत्त्यासकट सांगितलंत कधी?"

टिपणीस हळूच म्हणाले, "एकदा सांगितलं होतं. ती आता वहिनी आहे."

हेमांगीची पेटी मात्र मजेत चालली होती. ती कुणाला जागा विचारतच नव्हती, त्यामुळे तिच्याशी खोटं बोलायची सोयच नव्हती. 'माझी हाक तुला आली का' याला उत्तर येतं किंवा येत नाही. न ऐकलेली हाक ऐकली म्हणून सांगण्यात काळेथरातल्या कुणालाही अजून फायदा सापडला नव्हता.

तरी संस्थेतले जुने लोक मान हलवत होते. कपाट एवढं मोठं, एवढं थंड, त्याला काही अर्थ असणारच. गुलाबने जागा सुधारून दिल्या की ते जिंकणार. आणि दोन यंत्रं सारखी निरोप पोचवू लागली तर दिसायला मोठं असेल तेच घेतात, हा काळेथरचाच नाही, जगाचा नियम आहे.

मग एके दुपारी वारा फिरला. आभाळ स्वच्छ होतं, तास-दीड तासात पश्चिमेकडून काळी भिंत उभी राहिली. ताफा परतायला लागला. हेमांगी धक्क्यावरच्या तिच्या पेटीसमोर बसून एकेकाची हाक मोजत होती. बापाची हाक येत होती, पण थेट नाही; वाऱ्याने वाफेचा थर फाडला होता. निरोप बाबलच्या पेटीतून, तिथून आणखी दोन होड्यांतून, असा लंगडत लंगडत आला.

'पंख्यात जाळा गुंतला. इंजिन बंद. पालव्याच्या खडकाकडे व्हावतंय. घरात सांगू नको.'

पालव्याचा खडक म्हणजे भरतीला पाण्याखाली दडून बसणारा, आणि लागला की होडी चिरून काढणारा.

टिपणिसांनी धावत जाऊन पडदा बघितला. "ते पत्र्यावर आहेत," ते म्हणाले आणि आपल्याच बोलण्याने ओशाळले. "उपग्रहावरून विचारतो थेट."

उपग्रहाने काही उत्तर दिलं नाही. ते तोंड विसू तांडेलाने पहिल्याच दिवशी बंद केलं होतं. वरून कुणीतरी बघतंय म्हणून त्याने त्या अँटेन्यावर भाताचं पातेलं पालथं घातलं होतं आणि तारेने घट्ट आवळलं होतं.

पेटीच्या यादीत विसूची हाक ऐकणारं नाव एकच होतं: बाबल मोंडकर. बाबलची होडी तोंड फिरवून बंदराकडे निघाली होती. पेटी निरोप वाहते, दोर फेकत नाही. दोर फेकायला माणूस लागतो.

हेमांगीने त्याला थेट आवाज दिला. "बाबलकाका, मी हेमांगी. बाबांचा इंजिन बंद पडला. पालव्याकडे व्हावतत. तुमच्याशिवाय जवळ कोण नाय."

बाबल म्हणाला, "तुका कसा कळला? तेच्याकडे तर पेटी नाय."

आता खोटं बोलायची वेळ नव्हती, आणि तिला दुसरं काही येत होतं की नाही याची तिलाच शंका होती.

"पेटी असा काका. मी तुमका फसवलंय. त्यांकाही फसवलंय. त्यांचो निरोप तुमच्याच पेटीतून इलो. हंगामभर तुम्ही दोघा एकमेकांचे निरोप व्हावतास."

यानंतर बाबलने जे काही म्हटलं ते गिरकरांच्या सात पिढ्यांबद्दल होतं आणि पेटीने ते एक अक्षरही न गाळता पोचवलं. धक्क्यावरच्या दोन म्हाताऱ्यांनी कौतुकाने मान डोलावली. टिपणिसांना एकही शब्द कळला नाही, पण सूर कळला.

सात पिढ्या संपल्या.

"खंय असा तो म्हातारो?" बाबलने विचारलं.

"ठावूक नाय. पेटी जागा विचारना नाय," हेमांगी म्हणाली. "पण तुमच्या पेटयेर हिरवे दिवे असत ना? त्यांची हाक जितकी मोठी ऐकाक येता, तितके दिवे पेटतत. दिवे वाढतीत त्या दिशेक जावा. कमी झाले की वळा."

"म्हणजे मेल्याची हाक ऐकीत जावचा?"

"होय काका."

"दहा वर्सां मी तेचो आवाज ऐकाक नको म्हणान कान फिरवलंय," बाबल म्हणाला. मागोमाग त्याच्या इंजिनाचा सूर बदलला. पलटलेल्या होडीचा असा सूर काळेथरात लहान पोरही ओळखतं.

धक्क्यावर सगळे जमले. पडदा कुणी बघत नव्हतं. सगळे त्या डब्याएवढ्या पेटीभोवती, जशा बायका चुलीभोवती. बाबल एकेक दिवा मोठ्याने सांगत होता. "एक. दोन. ...एक झालो, वळतंय. दोन. तीन." तीनवर तो बराच वेळ अडकला. लाटेआड होडी गेली की दिवा विझायचा, लाटेवर चढली की पुन्हा लागायचा. पाऊस सुरू झाला. हेमांगीने पेटीवर आपलं डोकं धरलं, पेटीला पावसाची भीती नव्हती तरी.

"चार," बाबल म्हणाला. "पाच. सगळे. सगळे पेटले गो! ...आवशीक खाव, पातेला दिसता!"

पावसाच्या पडद्यातून बाबलला प्रथम दिसलं ते विसूच्या डोलकाठीवर तारेने आवळलेलं ते भाताचं पातेलं, वीज चमकली की लखलखणारं. त्याखाली विसू. त्याच्या पलीकडे, दोन होड्यांच्या अंतरावर, खडकावर फुटणारा पांढरा फेस.

बाबलने दोर फेकला. पहिला चुकला, दुसरा विसूने धरला. दोन होड्या जेव्हा एका दोराने बांधून बंदरात शिरल्या तेव्हा सगळं काळेथर धक्क्यावरून ओरडत होतं आणि दोर हातात घ्यायला इतके हात पुढे आले की दोर पुरेना. टिपणिसांचा पांढरा शर्ट शेवाळाने हिरवा झाला होता. ते दोर सोडायलाच तयार नव्हते.

चेअरमननी भिजलेली टोपी पिळली आणि विचारलं, "तर मग राउटर खंयचो?" त्या वेळी जो आरडाओरडा झाला त्यालाच संस्थेच्या इतिवृत्तात 'एकमताने ठराव' असं म्हटलंय. सर्वात मोठा आवाज टिपणिसांचा होता. त्यांच्या कंपनीने पुढे तशाच पेट्या बनवायला घेतल्या, ते सोडा. सार्वभौम इथेच राहिला. त्याची खोली इतकी उत्तम थंड होती की तिथे ठेवलेली सुरमई तिसऱ्या दिवशीही डोळे मिचकावायची.

पण त्या संध्याकाळचं राहिलंच.

विसू तांडेल धक्क्यावर चढला, पोरीकडे बघितलं आणि म्हणाला, "माका फसवलंस?"

"फसवलंय, बाबा."

"कुणाक कळूकसुद्धा नाय?"

"कुणाक नाय."

विसूचा चेहरा पहिल्यांदा उजळला. "चेडू माझा," लेकीकडे बोट दाखवून तो आजूबाजूच्या लोकांना म्हणाला. इतकी वर्षं तिला बक्षिसं मिळाली होती, पदव्या मिळाल्या होत्या. बापाच्या तोंडावर हा अभिमान तिने आज पाहिला.

मग त्याने होडीतली सर्वात मोठी सुरमई खांद्यावर घेतली, मोंडकरांच्या घरापर्यंत गेला आणि जिथे त्या जुन्या जेलीफिशची परतफेड व्हायची होती त्या उंबऱ्यावर ती ठेवली. बाबल दारात उभा होता. सारं गाव मागे.

"दोरीक हात लावलंस," विसू म्हणाला. "हो तुझो वाटो."

"एकच?" बाबल म्हणाला.

"बाकीचे थंय असत," विसू म्हणाला, आणि अख्ख्या गावादेखत, मोठ्या आवाजात, बोट दाखवून त्याने जागा सांगितली. दीपगृहाचा दिवा डावीकडे ठेवा, पालव्याच्या बाहेरून जा, पाणी हिरव्याचं निळं होतं तिथे जाळं सोडा. सुरमई तिथे आहे.

गाव पोट धरधरून हसलं. विसू तांडेलाने भर रस्त्यात माशाचा पत्ता सांगितला! हे खोटं तर त्याच्याही कीर्तीला शोभणारं होतं. दुसऱ्या दिवशी वारा पडल्यावर ताफा निघाला आणि एकजात सगळ्या होड्या उलट दिशेला गेल्या.

विसूची आणि बाबलची, दोन सोडून. हेमांगीच्या पेटीवर त्या दुपारी सगळ्यात लांबून दोन हाका येत होत्या, शेजारी शेजारी, इतक्या जवळून की दोन्ही होड्यांच्या पेट्यांवर एकमेकींच्या हाकेचे सगळे दिवे पेटलेले. दोघांच्याही होड्यांत सुरमई मावत नव्हती. लिलावाला पहिला निरोप कुणाचा लागणार यावरून दोघं दहा वर्षांचं उरलेलं भांडण भांडत होते, आणि तो एकेक शब्द इमानाने एकमेकांच्या पेट्यांतून वाहत होता.